शिद्रामच्या नावाची ओ

गाडी सुटली तशा फलाटावरच्या सगळ्या आया एकदम हाका मारायला लागल्या. “गणपाऽऽ, पत्र धाड रं!” “बाळूऽऽ, कुनाशी भांडू नगंस!” भरतीसाठी साताऱ्याला निघालेली आम्ही दहा-बारा पोरं खिडक्यांतून अर्धी बाहेर लोंबत होतो. जो तो आपल्या नावाच्या हाकेला ओ देत होता. माझी आई फलाटाच्या टोकाला लिंबाच्या झाडाखाली पदर तोंडाशी धरून उभी होती. तिनं हाक मारली नाही. गाडी वळणावर जाईपर्यंत मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. ते उघडलंच नाही.

“तुझी आय मुकी हाय व्हय रं?” गणपानं सहज विचारलं. मी त्याची गचांडी धरली. पोरांनी मला ओढून बाजूला घेतलं. गणपा बिचारा शेजारच्या गावचा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी माना खाली घातल्या.

हे आज लिहायचं कारण परवा घडलं. आमच्या वाडीतली साताऱ्यात राहणारी माणसं वर्षातनं एकदा कुणाच्या तरी खोलीत चहाला जमतात. गावच्या गोष्टी निघतात, कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न ठरलं. परवा कचेरीत नव्यानं चिकटलेल्या एका पोरानं प्लेगच्या सालातली गोष्ट सांगायला घेतली. आमच्या आबा पाटलांनी काय डोकं लढवलं, मेलेल्या माणसाच्या नावानं ओ द्यायला लावून एका बाईचा जीव कसा वाचवला! पोरानं गोष्ट झकास रंगवली. माणसं हसली. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. एकानं माझ्याकडं बोट दाखवलं, “आन् ओ देनारा ह्यो बघा हितं बसलाय!”

मी चहाचा कप खाली ठेवला आणि उठून चालता झालो. मागनं कुणीतरी म्हणालं, “लष्करातनं आल्यापासनं जरा तापटच झालाय.” लष्कराचा काय संबंध? तापट मी त्या माळावर झालो. म्हणून लिहितोय. गावात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखं गाव सोडून सातारा, पुणं, मुंबई गाठलेल्यांसाठी. गोष्ट सांगायचीच असली तर पुरती सांगा.

आमची वाडी कुंडलापासून दोन कोसांवर. त्या साली पौषात वाडीत उंदीर पडले. आमच्याकडं एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. उंदीर पडले म्हणजे गाव सोडायचं. लोकांनी घरावरची कौलं उतरवून आत ऊन सोडलं, दारांना कुलपं घातली आणि जो तो आपापल्या रानात गेला. पाचट, कडबा, तुराट्या, मिळेल त्याच्या खोपी उभ्या राहिल्या. आबा पाटलांचा हुकूम होता, खोप खोपीला लागून नको, दोन खोपींत हाकेचं अंतर पाहिजे. ज्याला ताप येईल त्याला ओढ्याच्या पल्याड, वेगळ्या खोपटात न्यायचं. पल्याड आजाऱ्यांना बघायला ठकूआत्या होती. तरुणपणी तिला गाठ आली होती आणि ती त्यातनं वाचली होती, म्हणून तिला आता प्लेग शिवत नाही असं सगळे धरून चालले होते.

प्लेगच्या लशीची टोचणी करणारे आमच्यापर्यंत पोचलेच नाहीत. एक साहेब तेवढा येऊन गेला, कुठल्या कचेरीचा तेही कळलं नाही. नाकाला रुमाल लावून घोड्यावरूनच त्यानं सांगितलं, “घाबरू नका, धीर धरा.” आणि घोडं वळवलं. धीर काय पिशवीत भरून आणला होता, आम्ही धरायला?

धीर दिला तो चाचानं. बाबूचाचा आमच्या गावचा मुलाणी. मशिदीत बांग द्यायचा तोच, आणि त्याचा आवाज असा की वारा बरोबर असला तर पलीकडच्या गावात ऐकू जावा. खोपीत राहायला गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चाचाच्या ध्यानात आलं, की माणसं भीतीनं करपायला लागली आहेत. शेजारच्या खोपीत कोण आहे, कोण गेलं, काही कळत नव्हतं. कुत्रं भुंकलं तरी बायका रडायच्या. मग दिवस कासराभर वर आला की चाचा मधल्या टेकाडावर चढायला लागला. तिथून एकेका खोपीतल्या कर्त्या माणसाच्या नावानं हाक मारायचा. “किसनाऽऽ!” खोपीतनं उत्तर यायचं, “ओऽऽ!” मग पुढची खोप. कुणी उशीर केला की चाचा तिथूनच झाडायचा, “आरं ऊठ की रं गड्या! अजून घोंगड्यातच हाईस व्हय?” आणि सबंध माळ हसायचा. दिवसभरात तेवढंच हसू. ती हाक ऐकली की बायका चुली पेटवायच्या.

हे चाचानं आपल्या डोक्यानं केलं होतं. कुणी साहेबानं सांगितलं नव्हतं. त्या हाकेनं माणसांची मनं थाऱ्यावर राहिली, हे मी आजही शपथेवर सांगेन.

आमच्या खोपीची हाक शिद्रामच्या नावानं यायची. शिद्राम, आमचा शिदा, माझा थोरला भाऊ. वडील आम्ही लहान असतानाच गेले होते, तेव्हापासून नांगर त्याच्याच हातात. मी सतरा वर्षांचा, तो बाविशीचा. माझा आवाज नुकताच फुटला होता आणि तो हुबेहूब शिदासारखा झाला होता. अंधारात मी बोललो की आई फसायची आणि म्हणायची, “एका साच्यातनं काडल्यात दोगं.”

आईला ताप आला. काखेत गाठ आली. शिदानं तिला पाठुंगळी घेऊन ओढ्याच्या पल्याड नेलं. जाताना ती त्याच्या पाठीवरून मला सांगत होती, “म्हादू, शेळीला पाला घाल. आन् दादाचं ऐक.” शिदा पल्याडहून आला आणि पाचव्या दिवशी तोच आडवा झाला.

त्याला पल्याड न्यायचं तर आई त्याच खोपटात होती. तिला कळू नये म्हणून पाटलांनी त्याला आमच्याच खोपीत ठेवायला सांगितलं. दोन दिवस मी एकटा होतो त्याच्याजवळ. दुसऱ्या दिवशी दुपारी तो शुद्धीवर आला आणि म्हणाला, “म्हादू, आयला हाक मार की रं.”

मी बाहेर आलो. बांधावर उभं राहिलं की ओढ्यापलीकडचं खोपट दिसायचं. ठकूआत्याचं वाळत घातलेलं लुगडंही दिसायचं. मी तोंडाशी हात नेले. बांधाखाली आबा पाटील उभे होते, जोंधळ्याचं पोतं घेऊन आले होते. ते म्हणाले, “ओरडू नगंस. तिला ऐकू गेलं तर उठंल, वड्यात पडंल, मरंल. तुला आय नगो हाय का?”

मी हात खाली घेतले. आत जाऊन शिदाला सांगितलं, “मारली हाक. येतीया.” तो दाराकडं तोंड करून पडून राहिला. चुलीवरचं पाणी उकळेपर्यंतसुद्धा तो टिकला नाही.

तुमच्या झकास गोष्टीत हे नसतं.

पुढचं पाटलांनी भराभर उरकलं. चाचा, मी आणि पाटलांचा गडी, तिघांनी शिदाला बैलगाडीतनं मसणवाटीत नेला. चाचानं मुलाणी असून खांदा दिला. माळावरच्या लोकांनी धूर बघून विचारू नये म्हणून पाटलांनी शेजारच्या रानात पाचट पेटवून दिलं, म्हणजे धुरात धूर मिसळावा. माझं डोकं भादरू दिलं नाही, लोकांच्या ध्यानात येईल म्हणून. रडायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. आणि संध्याकाळी खोपीच्या दारात बसून पाटील मला म्हणाले, “उद्या चाचा हाक मारंल शिद्रामच्या नावानं. तू ओ द्यायची. तुझा आवाज त्येच्यावाणीच हाय.”

“आवं आबा, मेल्याल्या मानसाला हाक मारत्यात व्हय?” मी विचारलं. आमच्याकडं गेलेल्या माणसाला नावानं हाक मारत नाहीत. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. हाक मारली की तो मागं वळतो, त्याचा जीव घुटमळतो म्हणतात.

“मानसाचं मन लय नाजूक असतंय, पोरा,” ते म्हणाले. “तुझी आय तितनं ऐकती. त्येची ओ आली न्हाई तर ती जगायची न्हाई. आन् माळावरची मानसं धास्तीनंच मरतील. प्लेगानं कमी, धास्तीनं जास्त मरत्यात.”

आबा पाटील वाईट माणूस नव्हता. स्वतःच्या कणगीतला जोंधळा खोपीखोपीला वाटत होता. वाईट असता तर त्याला चार शिव्या घालून मी मोकळा झालो असतो. चांगल्या माणसानं चांगल्या मनानं आपल्या छातीवर धोंडा ठेवला, तर तो कुणाच्या अंगावर फेकायचा?

चाचा दुसऱ्या दिवशी टेकाडावर चढला. शिदाचं नाव घेताना त्याचा आवाज चिरकला, ते माझ्या कानांनी ऐकलं. “शिद्रामाऽऽ!” मी बांधावर उभा राहिलो, गळा जरा जड केला आणि ओ दिली. ओढ्यापलीकडं ठकूआत्या खोपटाच्या दारात उभी होती. तिनं आत वळून काहीतरी सांगितलं.

असं एकोणीस दिवस.

त्या एकोणीस दिवसांत आणखी तीन खोपींत माणसं गेली. पाटलांना आता युक्ती सापडली होती. एका खोपीत भाच्यानं मामाच्या नावानं ओ दिली, एकीत चुलत्यानं पुतण्याच्या. पण माळ मूर्ख नव्हता. लोकांना संशय आला. बायका चाचाची हाक झाली तरी चूल पेटवीनात. “त्येनं ओ दिली खरी, पर त्योच हाय कशावरनं?” असं म्हणून माणसं लांबच्या बांधापर्यंत चालत येऊन डोळ्यांनी खात्री करून घ्यायला लागली. ज्या हाकेवर सबंध माळ निर्धास्त झोपत होता, तिच्यावरचा विश्वास उडाला. आता पुढच्याच नव्हे तर आपल्याच खोपीतल्या माणसाच्या आवाजाची भीती वाटायला लागली. धास्ती कमी करायला निघालेल्यांनी धास्तीच पेरली. यावर कुणी टाळ्या का वाजवत नाही?

विसाव्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा बांधावर उभा राहिलो. “शिद्रामाऽऽ!” मी दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओ दिली आणि वळलो. माझ्यामागं दहा हातांवर आई उभी होती.

तिची गाठ फुटली होती, ताप उतरला होता. सकाळी उठून, कुणाचं न ऐकता, काठी टेकत ती ओढा ओलांडून आली होती. ठकूआत्या मागनं धावत येत होती. आईचं तोंड हसरं होतं. ते तसंच राहिलं थोडा वेळ, म्हणजे हसू विझायलाही वेळ लागतो ना, तसं.

“त्यो कुटं हाय?” तिनं विचारलं.

तोंडाशी नेलेले हात मी खाली घेतले.

“म्हादू, त्यो कुटं हाय?”

ती खोपीत गेली. शिदाचं घोंगडं आम्ही जाळलं होतं. त्याचा पटका नव्हता. ती सगळीकडं हात लावून बघत होती. मग बाहेर येऊन जमिनीवर बसली. तोवर पाटील आले होते. ते हात जोडून म्हणाले, “पारूवैनी, तुमचं मन जपलं आमी. न्हाईतर तुमी आज दिसला नसता.”

“सकाळच्याला त्येनं ओ दिली का म्या पेज प्यायची,” आई म्हणाली. अगदी हळू. “ठकी म्हनायची, बघ, ल्योक हाय तुजा, पी. एकोनीस दिस. मेल्याल्या ल्येकाची ओ ऐकून म्या जेवले, आबा.”

तिनं हंबरडा फोडायला तोंड उघडलं. पाटलांनी घाईनं हात वर केला. “वैनी, मोट्यांदी नगा. माळ घाबरंल.” आणि माझ्या आईनं पदराचा बोळा करून तोंडात घातला.

दुसऱ्या दिवसापासून चाचा टेकाडावर चढला नाही. तो आमच्या खोपीपुढं येऊन बसला आणि म्हणाला, “माज्या गळ्याला पाप लागलं.” पुढं महिनाभर त्यानं बांगसुद्धा दुसऱ्याला द्यायला लावली.

तुम्ही म्हणाल, पण वाचली ना? वाचली. पेज प्यायली म्हणून वाचली असेल, गाठ फुटली म्हणूनही वाचली असेल, मी काही डॉक्टर नाही. पण वाचल्यावर तिचं काय झालं, ते बघायला तुमच्यातलं कोण आलं? गाव परत वसलं, कौलं चढली, लोकांनी पुरणपोळ्या केल्या. माझ्या आईचा आवाजावरचा भरवसा गेला होता. दाराबाहेरनं कुणी बोललं की ती बाहेर येऊन त्याच्या हाताला हात लावून बघायची, मगच उत्तर द्यायची. आणि ती हाक मारीनाशी झाली. मी रानात असलो तर भाकरी घेऊन थेट माझ्यापर्यंत चालत यायची, खांद्याला हात लावायची, मग म्हणायची, “जेव.” घरातनं परड्यात मला हाक मारणं तिला जमत नव्हतं. गावानं तिला वेडी ठरवलं. पारूचं डोकं फिरलं म्हणाले, देवऋषाकडं न्या म्हणाले. देवऋषी अंगारा देऊन म्हणाला, बाहेरचं लागलंय. बाहेरचं कसलं लागलंय? गावचंच लागलं होतं.

आणि मी तरी काय केलं? शिदानं शेवटी काय मागितलं, ते तिला सांगितलं नाही. ती विचारत नव्हती, मी सांगत नव्हतो. दोघं एका ताटातली भाकर मोडत होतो आणि एकमेकांकडं बघत नव्हतो. पुढच्या साली भरतीची माणसं आली तसा मी नाव दिलं. लोक म्हणाले, पोरगं देशोदेशी फिरणार. मी पळत होतो.

लष्करात पहिल्याच सकाळी फॉलिनला सगळे रांगेत उभे राहिले, रोलकॉलची हजेरी सुरू झाली. हवालदारानं माझं नाव घेतलं. माझ्या घशातनं आवाज निघेना. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा तो समोर येऊन ओरडला, “बहरा है क्या?” पाठीवर वजन घेऊन मैदानाला फेऱ्या मारायची सजा झाली. पंधरा दिवसांनी एका पोरानं झोपून राहिलेल्या दोस्ताच्या नावानं “हजर” म्हटलं आणि पकडला गेला. दोघांनाही माझ्या दुप्पट सजा झाली. सगळे हळहळले. मला मात्र वाटलं, दुनियेत कुठंतरी हा कायदा आहे म्हणायचा.

मला अँब्युलन्सच्या कामावर टाकलं. वॉर्डात पट्ट्या बांधायच्या, बेडपॅन द्यायचं, मेलेल्याला उचलायचं. एकदा एक जखमी जवान ड्यूटीवर असलेल्या मला विचारत होता, शेजारच्या खाटेवरचा माझा दोस्त कुठं हलवला? दोस्त सकाळीच गेला होता. माझ्या तोंडातनं आपसूक निघालं, “दुसऱ्या वॉर्डात, मजेत आहे.” आमचे सुभेदार मागं उभे होते. पंजाबी म्हातारा, दाढी पांढरी. त्यांनी मला बाहेर नेलं आणि म्हणाले, “सच बता. और बताके भाग मत. बैठ.”

मी जाऊन सांगितलं. तो जवान भिंतीकडं तोंड करून तासभर रडला. मी बसलो. पळून जावंसं वाटत होतं, तरी बसलो. मग त्यानं पाणी मागितलं. एवढंच. पण मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की आमच्या माळावर सगळ्यांनी मिळून नेमकं काय टाळलं होतं. मनं जपायची म्हणून आम्ही रडणाऱ्याच्या शेजारी बसायचं टाळलं होतं.

लढाई संपली, मी साताऱ्याला आलो. आता टोचणीच्या पार्टीत नोकरी आहे. लोक आम्हाला देवी डॉक्टर म्हणतात, डॉक्टर नसलो तरी. सदर बझारात दोन खोल्या आहेत, नळ आहे, सकाळी खिडकीतनं अजिंक्यतारा दिसतो. बायकोनं अंगणात कर्दळी लावल्या आहेत. आईला किती वेळा म्हटलं, चल. ती म्हणते, “शेळी कोन बगंल?” शेळी मरून दोन वर्षं झाली होती तरी हेच म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात संस्थानांच्या मुलखात माणसं कमी पडली म्हणून आमची ड्यूटी कवठे महांकाळच्या बाजूला लागली. कोरडा माळ, कुसळं, आणि तशाच खोपी. मी सुया उकळत बसलो होतो. तिथला एक पुढारी माझ्याजवळ आला आणि कानाशी लागून म्हणाला, “डाक्टर, त्या खोपटातल्या बाईचा नवरा काल गेला. तिला बोलू नगा. मिरजेला नेलाय आन् बरा हाय म्हनून सांगा. तिचं मन जपाय पायजे.”

मन जपायला पाहिजे! ते शब्द ऐकले आणि मी हातातला चिमटा खाली टाकला. मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. मग त्या खोपटात गेलो. बाई तापलेली होती, पण शुद्धीत होती. मी सांगितलं. आणि बसलो. ती रडली, छाती बडवून रडली. मी तिला गप्प केलं नाही. तो आवाज माळावर गेला आणि थोड्या वेळानं दुसऱ्या खोपीतनं एक बाई रडायला लागली, मग तिसरीतनं. त्यांची माणसंही गेली होती आणि त्यांनाही कुणी रडू दिलं नव्हतं. घाबरून कुणी पळालं नाही. दुपारी चुली पेटल्या.

ती बाई तिसऱ्या दिवशी गेली. खोटं कशाला सांगू? पुढारी मला म्हणाला, “बघा, तुमीच मारली.” सांगितलं नसतं तर ती जगली असती का, हे त्यालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. पण जाण्याआधी तिनं आपल्या पोरीला जवळ बोलावून नवऱ्याची एक गोष्ट सांगितली, त्यानं लग्नात फेटा उलटा बांधला होता त्याची. पोरीला ती गोष्ट मिळाली. मला राहून राहून शिदाचं दाराकडं वळलेलं तोंड दिसत होतं.

पार्टी साताऱ्याला परतली, मी मधेच उतरून गावाला गेलो.

आई रानात होती, तूर झोडपत होती. खोप होती त्याच जागी, त्याच बांधाखाली. मी बसलो आणि सांगितलं. शिदा कसा गेला ते, आम्ही पाचटाच्या धुरात त्याला कसा जाळला ते. मग उरलेलं. “त्येनं तुला हाक माराय सांगितली हुती. म्या मारली न्हाई. त्येला सांगितलं, आय येतीया.”

आईनं काठी खाली ठेवली. ओढ्याच्या पलीकडं बघत राहिली. पल्याडचं खोपट कधीच गेलं होतं, तिथं आता घेवड्याचा वेल होता.

“लय लांब न्हवतं रं,” ती म्हणाली.

आणि मग ती रडली. सहा-सात वर्षांचं, पदराचा बोळा न घालता. शेजारच्या रानातल्या बाया धावत आल्या, मी त्यांना हातानंच थांबवलं. त्या लांब उभ्या राहिल्या, मग खाली बसल्या. मी उठलो नाही. तिनं मला एक मारलीसुद्धा, खांद्यावर, चांगली जोरात. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. दिवस कासराभर वर आला होता. आई बांधापर्यंत आली आणि थांबली. मी टेकाडाच्या पलीकडं उतरणार, एवढ्यात मागनं हाक आली.

“शिद्रामाऽऽ!”

ओठ आपोआप उघडले, एकोणीस दिवसांची सवय होती. मी दात दाबून उभा राहिलो. कुणी ओ दिली नाही. तुरीच्या शेंगा वाऱ्यानं वाजत होत्या, लांब कुठंतरी मोट चालली होती. आई कान देऊन उभी होती. तिला घाई नव्हती. कुणी ओ देत नाही, हे ती पुरतं ऐकून घेत होती.

मग तिनं तोंडाशी हात नेले.

“म्हादूऽऽ!”

“ओऽऽ!” मी म्हणालो. गळा जड न करता, माझ्याच आवाजात.

तुमच्यातले काही जण मला विचारतात, आता घर कोणतं, वाडी की सातारा? साताऱ्याच्या खोल्यांचं दर महिन्याला भाडं भरतो, बायको आहे, कर्दळी आहेत, तेही घरच. पण मला विचाराल तर जिथं माझ्या नावाला मी ओ द्यायची असते, आणि शिद्रामच्या नावाला कुणी ओ देत नाही, तो बांध माझं घर. पुढच्या वर्षी चहाला जमाल तेव्हा हे सांगा, आणि सांगून झाल्यावर लगेच उठू नका.